पापणीचे मिलिमीटर

आईच्या पोटात असताना आपल्या प्रत्येकाच्या पापण्या काही महिने एकमेकींना चिकटलेल्या होत्या. गर्भ सहा-सात आठवड्यांचा झाला की डोळ्याच्या वर आणि खाली कातडीच्या दोन घड्या उगवतात, एकमेकींकडे सरकत जातात आणि साधारण आठव्या ते दहाव्या आठवड्यात त्यांच्या कडा जुळून एक होतात. डोळा बंद. त्या बंद जागेत बुबुळ घडतं, पापणीचे केस फुटतात, तेलाच्या ग्रंथी तयार होतात, पापणी उचलणारा स्नायू आपली जागा घेतो. मग पाचव्या ते सातव्या महिन्यात तो जोड आपोआप सुटतो. मांजराची पिल्लं मिटलेल्या डोळ्यांनी जन्मतात. माणसाचं पिल्लू मात्र डोळे उघडण्याचं काम पोटातच उरकून येतं.

हे जवळजवळ नेहमी बिनबोभाट पार पडतं, म्हणून आपल्या लक्षातही येत नाही. पण क्वचित एखाद्या बाळात पापणी उचलणारा स्नायू नीट घडत नाही. क्वचित पापणीच्या कडेत खाच राहून जाते. क्वचित दोन्ही पापण्यांमधली फटच तोकडी पडते. या जन्मजात दोषांवरची ऑपरेशनं हा माझ्या मते शस्त्रक्रियेतला सर्वांत नाजूक हिशोबाचा भाग आहे. इथे यश-अपयश एका मिलिमीटरवर ठरतं, आणि कोणतं तंत्र वापरायचं हे सांगायला एक साधी मोजपट्टी पुरते.

नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातलं विसरवाडी सुरत-धुळे महामार्गावर आहे. एका दिशेला कोंडाईबारीचा घाट ओलांडून धुळ्याकडे जाता येतं, दुसऱ्या दिशेला नवापूर मागे टाकलं की गुजरात लागतो. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, आसपासच्या पाड्यांवर अंगणवाड्या आहेत, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकानं वर्षातून दोनदा अंगणवाडीतली मुलं तपासावीत अशी व्यवस्था आहे. हा देशव्यापी कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला.

समजा, अशा एखाद्या तपासणीत पथकातल्या डॉक्टरांसमोर तीन वर्षांची एक मुलगी येते. तिची डावी पापणी अर्धी खाली आहे. समोर बघायचं तर ती हनुवटी उचलते, कपाळाला आठ्या घालून भुवई वर ओढते. घरात कुणी म्हणतं, पोर झोपाळू आहे. कुणी म्हणतं, आईनं गर्भारपणी ग्रहण पाहिलं. ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही आणि झोपेचाही नाही. उलट ही मुलगी जागेपणीचा प्रत्येक क्षण कष्ट करते आहे. एका स्नायूनं न केलेलं काम ती कपाळानं आणि मानेनं भरून काढते आहे. डॉक्टर या दोषाला टोसिस म्हणतात.

पापणी वर जाते कशी, हे आधी पाहू. तिला उचलणारा मुख्य स्नायू डोळ्याच्या खोबणीत अगदी मागे, टोकाशी सुरू होतो. त्याचं नाव लिव्हेटर. जवळपास ४ सेंटीमीटर तो डोळ्याच्या वरून आडवा पुढे येतो. पण पापणी तर खालून वर जायला हवी. ओढीची दिशा बदलण्याचं काम खोबणीच्या वरच्या कडेजवळ ताणलेला एक आडवा पट्टा करतो, त्याला व्हिटनॉलचा बंध म्हणतात. विहिरीवरच्या रहाटाच्या चाकावरून दोर जावा, माणसानं तो आपल्याकडे ओढावा आणि बादली मात्र सरळ वर यावी, तसा हा प्रकार. इथून पुढे स्नायू पातळ आणि पांढरट होत जातो आणि पापणीतल्या टार्सस नावाच्या कडक पट्टीला जाऊन चिकटतो. लिव्हेटरच्या खाली म्युलरचा छोटा स्नायू असतो. तो आपल्या इच्छेबाहेर चालतो आणि सुमारे २ मिलिमीटरची भर घालतो. दचकल्यावर डोळे विस्फारतात त्यात त्याचा हात असतो. तिसरा फ्रंटॅलिस, कपाळाचा स्नायू. तो भुवई उचलतो आणि तिच्याबरोबर थोडी पापणीही. हे तिघे तीन वेगवेगळ्या नसांवर चालतात, म्हणून एक बंद पडला तरी दुसरे चालू राहतात. टोसिसची बहुतेक तंत्रं म्हणजे या तिघांपैकी कुणाच्या बळावर पापणी उचलायची, या एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत.

जन्मजात टोसिसमध्ये लिव्हेटर अशक्त असतो, असं म्हटलं तर ते अपुरं होईल. तो पुरता घडलेलाच नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली जिथे स्नायूचे तंतू दिसायला हवेत तिथे चरबी आणि चिवट धागे दिसतात. असा स्नायू पुरेसा आकसत नाही आणि पुरेसा सैलही पडत नाही. त्यामुळे एक विलक्षण खूण मिळते. समोर बघताना जी पापणी खाली लोंबते, तीच पापणी मूल खाली बघू लागलं की शेजारच्या पापणीपेक्षा वर राहते. म्हातारपणी स्नायूची पकड सुटून पडलेली पापणी अशी वागत नाही, ती खाली बघतानाही खालीच असते. एवढ्याशा निरीक्षणावरून दोष जन्माचा की नंतरचा, हे कळू शकतं. हीच खूण सर्व तंत्रांची मर्यादाही सांगते. पापणी वर बांधता येते, पण तिला पुन्हा सैल पडायला शिकवणारं ऑपरेशन नाही.

आता पट्टी. डॉक्टर अंगठ्यानं मुलाची भुवई कपाळावर दाबून धरतात, म्हणजे कपाळाची मदत बंद. एखादं खेळणं खाली नेतात, मग वर. खालून वर येताना पापणीची कड किती मिलिमीटर सरकली ते मोजतात. निरोगी पापणी १५ मिलिमीटरच्या आसपास सरकते. ८ किंवा त्याहून जास्त भरलं तर स्नायू चांगला, ५ ते ७ मध्यम, ४ किंवा कमी म्हणजे जवळजवळ निकामी. दुसरं माप टॉर्चनं घेतात. बाहुलीवर चमकणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंत ४ ते ५ मिलिमीटर अंतर असायला हवं. दुसऱ्या मापावरून पापणी किती उचलायची ते समजतं आणि पहिल्यावरून कोणत्या वाटेनं. मला या तपासणीचं फार अप्रूप वाटतं. इतक्या यंत्रांच्या काळातही या मुलीचं ऑपरेशन कोणतं, हे दप्तरातल्या पट्टीनं आणि एका खुळखुळ्यानं ठरतं.

पापणी जेमतेम २ मिलिमीटर पडलेली आणि स्नायू चांगला असेल तर पापणी उलटी करून आतूनच काम भागतं. म्युलरचा स्नायू आणि आतलं आवरण यांची छोटी पट्टी काढून टाकतात. फॅसानेला आणि सर्व्हॅट यांनी १९६१ मध्ये सांगितलेल्या पद्धतीत टार्ससची कडही थोडी घेतात. बाहेर व्रण राहत नाही. पण जन्मजात दोषात इतका सौम्य प्रकार कमीच सापडतो.

खरी मजा मधल्या गटात आहे, जिथे लिव्हेटर अर्धामुर्धा चालतो. इथे त्याची लांबी कमी करून पकड घट्ट करतात. ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली. लंडनच्या विल्यम बोमननी पापणीच्या आतून तो स्नायू आखूड केला, आणि १८८३ मध्ये एव्हर्सबुश यांनी बाहेरून, कातडीला छेद देऊन. आज बहुतेक सर्जन बाहेरूनच जातात, कारण छेद पापणीच्या नैसर्गिक घडीत लपतो आणि नसलेली घडीही त्याच टाक्यांनी तयार करता येते. पापणी एक मिलिमीटर उचलायला स्नायूचे साधारण चार-पाच मिलिमीटर कापावे लागतात. म्हणून कुणाचे १० मिलिमीटर काढतात, कुणाचे २० च्या वर.

पण लहान मुलाला पूर्ण भूल दिलेली असते. ते डोळे उघडून दाखवू शकत नाही. टेबलावर पापणी कुठे ठेवली म्हणजे जागं झाल्यावर ती बरोबर जागी येईल? यावर विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतल्या बर्क यांनी एक कोष्टक मांडलं. स्नायू बळकट असेल तर ऑपरेशननंतर तो पापणी आणखी वर नेईल, म्हणून टेबलावर ती मुद्दाम खाली ठेवायची. स्नायू दुबळा असेल तर पापणी नंतर थोडी उतरेल, म्हणून ती बुबुळाच्या वरच्या कडेला, उघडी वाटेल इतकी वर नेऊन टाके घालायचे. म्हणजे सर्जन समोर दिसणाऱ्या डोळ्यावर टाके घालतच नाहीत. ते काही आठवड्यांनंतरच्या, अजून अस्तित्वात नसलेल्या डोळ्यावर टाके घालतात. भुवई दाबून घेतलेलं ते छोटं माप किती काळजीपूर्वक घ्यायला हवं, हे इथे कळतं.

माप ४ मिलिमीटर किंवा कमी भरलं तर लिव्हेटरचा नाद बहुतेक वेळा सोडावा लागतो आणि कपाळाची मदत घ्यावी लागते. मूल आधीच कपाळानं पापणी ओढायचा प्रयत्न करत असतं. त्याची ती युक्तीच सर्जन पक्की करतात. भुवईच्या वरच्या स्नायूपासून पापणीतल्या टार्ससपर्यंत कातडीखालून एक दोरी ओवतात, म्हणजे भुवई उचलली की पापणी उचलली जाते. या ऑपरेशनला स्लिंग म्हणतात. आता दोरी कशाची घ्यायची, यावर शंभराहून जास्त वर्षं विचार चालू आहे. १८८० च्या सुमाराला नुसते टाके वापरले गेले. १९०९ मध्ये एर्विन पायर यांनी मांडीतला फॅशिया लाटा घेतला. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कातडीखाली असणारा हा चिवट पांढरा पट्टा. टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयातल्या जॉन क्रॉफर्ड यांनी १९५६ मध्ये तो घालण्याची जी आखणी सांगितली, ती आजही चालते. गुडघ्याच्या थोडं वर छोटा छेद घेऊन एका खास हत्यारानं पट्टा काढायचा, त्याच्या दोन-तीन मिलिमीटर रुंद पट्ट्या करायच्या आणि पापणीतले तीन व कपाळावरचे तीन बारीक छेद जोडून दोन त्रिकोण विणायचे. मुलाची स्वतःची मांडी त्याच्या कपाळाला पापणी उचलायला मदत करते! शरीर ती पट्टी आपली म्हणून सांभाळतं, तिच्यात नव्या पेशी शिरतात, आणि वर्षानुवर्षं ती टिकते.

अडचणी दोन. तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या मांडीत पुरेसा लांब पट्टा मिळत नाही. आणि मांडीवर एक व्रण कायमचा राहतो. दुसरा मार्ग सिलिकॉनच्या बारीक दोरीचा, जो १९६६ पासून वापरात आहे. ही दोरी बाळाच्याही पापणीत घालता येते, कपाळातल्या छोट्या छेदातून पुढे सैल किंवा घट्ट करता येते, नको झाली तर काढता येते. लवचीक असल्यामुळे पापणी मिटायलाही ती थोडी जास्त मुभा देते. पण ती परकी वस्तू आहे. कधी जंतुसंसर्ग होतो, कधी ती कातडीतून डोकावते, कधी काही वर्षांनी तुटते किंवा सरकते आणि पापणी पुन्हा खाली येते. चीनमधल्या सर्जननी १९८२ मध्ये तिसरी वाट दाखवली: दोरी नकोच, कपाळाच्या स्नायूचाच एक पदर खाली आणून पापणीला शिवायचा. कोणतं श्रेष्ठ? माझं मत असं की घाई नसेल आणि मूल चार वर्षांचं झालं असेल तर स्वतःच्या मांडीची पट्टी टिकाऊपणात पुढे आहे. घाई असेल तर सिलिकॉन, पुढे कधीतरी दुसरं ऑपरेशन लागेल हे आईबापांना आधीच सांगून.

ही घाई कुठून येते, हे समजायला १९६३ सालच्या एका प्रयोगाकडे जावं लागतं. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या दोघांनी मांजराच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची एक पापणी शिवून टाकली आणि दोन-तीन महिन्यांनी टाके सोडले. डोळा ठणठणीत होता. पण मेंदूच्या दृष्टीच्या भागातल्या पेशी त्या डोळ्याला जवळजवळ ओळखतच नव्हत्या. त्यांनी उघड्या डोळ्याशी संधान बांधलं होतं. मोठ्या मांजराची पापणी तितकेच दिवस शिवली तर मात्र काहीच बिघडलं नाही. म्हणजे दृष्टी डोळ्यात असते त्याहून जास्त मेंदूत घडते, आणि ती घडण्याचा काळ ठरलेला असतो. या शोधमालिकेसाठी दोघांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं. पापणीनं बाहुली झाकलेल्या बाळाच्या मेंदूत हेच घडू शकतं. जन्मजात टोसिस असलेल्या मुलांपैकी साधारण पाचांतल्या एकाची दृष्टी अशी मागे पडते. त्यात पापणीचा आडोसा हे एकच कारण नसतं, पापणीच्या दाबामुळे आलेला तिरपा नंबर आणि तिरळेपणाही असतो. म्हणून बाहुली झाकलेली असेल तर काही महिन्यांच्या बाळालाही स्लिंग करतात. बाहुली मोकळी असेल तर तीन ते पाच वर्षांपर्यंत थांबतात, पण चष्म्याची तपासणी थांबवायची नसते. ऑपरेशन सुंदर झालं आणि दृष्टी मागे पडलेला, म्हणजे आळशी डोळा तसाच राहिला, तर निम्मंच काम झालं.

एका बाजूचाच दोष असेल तेव्हा एक अवघड वाद उभा राहतो. एकाच डोळ्याला स्लिंग केली तर मुलाला आठवणीनं त्या बाजूची भुवई उचलावी लागते, आणि चांगल्या डोळ्यानं दिसत असताना मेंदू ते करायला आळस करतो. म्हणून काही सर्जननी सुचवलं की दोन्ही डोळ्यांना स्लिंग करावी. बिअर्ड यांनी तर चांगल्या बाजूचा लिव्हेटरही निकामी करावा म्हटलं, म्हणजे दोन्ही पापण्या सारख्याच चालतील. तर्क बिनतोड आहे. पण निरोगी डोळ्याला हात लावू द्यायला कोणती आई तयार होईल? मी त्या आईच्या बाजूचा आहे. अशा वेळी दुबळाच लिव्हेटर जास्तीत जास्त आखूड करून व्हिटनॉलच्या बंधापर्यंत टार्सस नेणं, किंवा एका बाजूची स्लिंग करून भुवई उचलण्याचा सराव घेणं, हे आधी करून पाहावं.

टोसिसचा एक प्रकार असा आहे की पहिल्यांदा पाहणारा दचकतोच. बाळ अंगावर पिताना त्याची पडलेली पापणी प्रत्येक घोटाबरोबर वर उडते. तोंड मिटलं की पुन्हा खाली. १८८३ मध्ये लंडनच्या रॉबर्ट मार्कस गन यांनी पंधरा वर्षांच्या एका मुलीत हे पाहून नोंदवलं, आणि त्यांचंच नाव त्याला पडलं. गर्भात नसांची जोडणी होताना जबडा हलवणाऱ्या नसेचे काही धागे चुकून पापणीच्या स्नायूकडे गेलेले असतात. इथे लिव्हेटर आखूड केला तर उडणं कायम राहतं. उड्या फार असतील तर तो स्नायू सोडवून निकामी करावा लागतो आणि पापणी कपाळाकडे सोपवावी लागते. म्हणून पापणी पडलेल्या प्रत्येक मुलाला तपासताना डॉक्टर काहीतरी चघळायला देतात. आयांच्या मात्र हे तपासणीच्या कितीतरी आधीच लक्षात आलेलं असतं.

आणखी गुंतागुंतीचा दोष म्हणजे पापण्यांची फटच अरुंद असणं. त्याला ब्लेफॅरोफिमोसिस म्हणतात. चार खुणा एकत्र येतात: फट आडवी तोकडी, दोन्ही पापण्या पडलेल्या, नाकाकडच्या कोपऱ्यात खालून वर जाणारी कातडीची घडी, आणि दोन डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमध्ये वाजवीपेक्षा जास्त अंतर. इथे स्नायूचा हिशोब पुरत नाही, भूमितीही लागते. कोपऱ्यातली घडी मोडायला कातडीवर वाय किंवा झेड आकाराच्या रेषा आखून तिचे त्रिकोणी पदर एकमेकांच्या जागी फिरवतात. झेडचे कोन ६० अंशांचे ठेवले तर मधली रेषा कागदावरच्या हिशोबानं ७५ टक्के लांब होते. कातडी नवी आणलेली नसते, फक्त जागा बदललेली असते. घडी हलकी असेल तर साधा वाय पुरतो. अंतर जास्त असेल तर स्कॉटलंडच्या जॉन मस्टार्डे यांची दुहेरी झेडची आखणी वापरतात, तिचे व्रण जास्त पण पोहोचही जास्त. कोपऱ्याचा बंध फारच लांब असेल तर नाकाच्या हाडातून आरपार बारीक तार घालून दोन्ही कोपरे जवळ ओढतात.

कातडीचा पदर मुळाशी जोडलेला ठेवून फिरवला तर तो जगतो, या ज्ञानात आपल्या मातीचा वाटा फार मोठा आहे. सुश्रुतसंहितेत डोळ्यांचे ७६ रोग सांगितले आहेत, त्यांतले २१ पापणीचे. केस आत वळलेल्या पापणीसाठी भुवई आणि पापणीच्या मधल्या कातडीतून जवाच्या आकाराचा तुकडा काढून केसानं शिवायला सांगितलं आहे. आणि १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिननं एक पत्र छापलं, त्यातली हकीकत पुण्याजवळची. इंग्रज सैन्याकडे बैल हाकणाऱ्या कावसजीला टिपूच्या लोकांनी पकडून त्याचं नाक कापलं होतं. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं ते नव्यानं घडवलं. त्यानं आधी मेणाचं नाक केलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं, कडेनं रेघ ओढली, तेवढी कातडी सोडवली, फक्त दोन डोळ्यांमधला पदर जोडलेला ठेवला आणि ती फिरवून खाली बसवली. टाक्यांऐवजी काताचा लेप. सुमारे पंचवीस दिवसांनी तो पदर कापला. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिलं होतं. १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये हीच रीत वापरली आणि युरोपात नव्या शस्त्रक्रियेची वाट मोकळी झाली. पुण्याच्या त्या कारागिराचं नाव पत्रात नाही, याची मला हळहळ वाटते. आज डोळ्याच्या कोपऱ्यात फिरवला जाणारा प्रत्येक छोटा त्रिकोण त्याच तत्त्वावर जगतो.

ब्लेफॅरोफिमोसिसमध्ये क्रमाचा प्रश्न येतो. कोपरे नाकाकडे ओढले की वरची पापणी आडवी ताणली जाते आणि आणखी जड होते. म्हणून बरेच सर्जन आधी कोपरे करतात, सहा महिने ते वर्षभर थांबतात, मग पापण्या स्लिंगनं उचलतात. काही जण एकाच भुलीत दोन्ही उरकतात. दूरच्या गावातून येणाऱ्या कुटुंबासाठी एका खेपेत काम होणं ही लहान गोष्ट नाही, पण मला पहिली रीत जास्त सुरक्षित वाटते. हा दोष फॉक्सएलटू या जनुकातल्या बदलामुळे होतो हे २००१ मध्ये कळलं. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. त्याच्या एका प्रकारात मुलींची पाळी फार लवकर थांबते, म्हणून चार वर्षांच्या मुलीच्या पापणीबद्दल बोलताना तिच्या मातृत्वाबद्दलही आईबापांशी बोलावं लागतं. १९९६ मध्ये एका मोठ्या भारतीय कुटुंबाच्या अभ्यासातून या दोषाचं मूळ सातव्या गुणसूत्रावर असल्याचं वाटलं होतं. २००१ मध्ये उलगडा झाला की त्या कुटुंबात ट्विस्ट नावाचं वेगळंच जनुक बदललेलं होतं, जे कवटीच्या सांध्यांवरही परिणाम करतं. पापणी तपासताना सबंध मूल का तपासायचं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पापणीच्या कडेत जन्मतः खाच असेल, म्हणजे कोलोबोमा, तर पहिली भीती बुबुळ कोरडं पडून त्यावर जखम होण्याची असते. खाच पापणीच्या पाव भागापर्यंत असेल तर दोन्ही कडा सरळ जोडून टाकतात. त्याहून मोठी असेल तर बाजूची कातडी फिरवून आणतात. मोठ्या माणसात वापरली जाणारी कटलर-बिअर्ड पद्धत इथे टाळतात, कारण तीत खालच्या पापणीचा भाग वर शिवून डोळा काही आठवडे बंद ठेवावा लागतो. ह्यूबेल आणि वीझलनी पिल्लांवर केलं तेच मग आपण बाळावर करू.

विसरवाडीच्या त्या मुलीची वाट ग्रामीण रुग्णालयातून निघते, पुढे नंदुरबारला, जिथे २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, किंवा धुळ्याला आणि गरज पडली तर मुंबई-पुण्याला. या भागासाठी एक तपासणी फार महत्त्वाची आहे. नंदुरबारच्या आदिवासी समाजांमध्ये सिकलसेल आढळतो. भुलीत प्राणवायू कमी पडला, अंग गार पडलं किंवा पाणी कमी झालं तर सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन अडकतात. आधी माहीत असलं तर भूलतज्ज्ञ ऊब, सलाइन आणि प्राणवायू यांची चोख तयारी ठेवतात आणि ऑपरेशन नीट पार पडतं. म्हणून सिकलसेलचं कार्ड असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दाखवावं.

ऑपरेशननंतरची एक गोष्ट घरच्यांना आधीच सांगून ठेवावी, नाहीतर ते घाबरतात. मूल झोपेत डोळा पूर्ण मिटणार नाही. तंत्र कोणतंही असो, उचललेल्या पापणीची ही किंमत आहे. झोपेत बहुतेकांचं बुबुळ आपोआप वर सरकतं, हे चार्ल्स बेल यांनी १८२३ मध्ये सांगितलं, आणि तेच उघड्या फटीमागे डोळ्याचं रक्षण करतं. ज्या मुलात बुबुळ वर सरकत नाही, त्याची पापणी सर्जन मुद्दाम थोडी कमी उचलतात. रात्री मलम, दिवसा थेंब, चुलीच्या धुरापासून आणि पंख्याच्या थेट वाऱ्यापासून बचाव, हे काही महिने सांभाळायचं. डोळा लाल झाला, पाणी येऊ लागलं किंवा उजेड सहन होईना झाला तर त्याच दिवशी दाखवायचं.

आणि वाचकहो, तुमच्या घरात, शेजारी किंवा शाळेत एखादं मूल हनुवटी वर करून बघत असेल, फोटोत त्याचा एक डोळा नेहमी लहान दिसत असेल, तर मोठेपणी बघू असं म्हणून थांबू नका. पापणी विशीतही उचलता येते, मागे पडलेली दृष्टी मात्र बहुधा परत येत नाही. आशाताईला सांगा, अंगणवाडीच्या तपासणीत ते मूल पुढे करा, आणि त्याच्या पापणीचं माप घेतल्याशिवाय त्याला परत पाठवू देऊ नका.